एक गाळा, एक उंची, तीन कमानी
(लंबवर्तुळाकार कमानीची मापे : दोरीपासून संगणकापर्यंत)



आपल्या निवासी विद्यालयाच्या नव्या वाचनालयाचे प्रवेशद्वार तुम्ही रोज ओलांडता. त्यावरच्या कमानीकडे तुमच्यापैकी किती जणांनी थांबून पाहिले असेल, ते मला माहीत नाही. मी मात्र गतवर्षी तिच्याखाली आठ दिवस उभा होतो आणि त्या आठ दिवसांत इतिहासाच्या शिक्षकाला भूमितीचा एक धडा नव्याने शिकावा लागला. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आठवणी लिहिण्यापेक्षा तो धडाच लिहून काढावा असे वाटले. यात गणित आहे. परंतु ते आठवी-नववीच्या पलीकडचे नाही. वही, पट्टी व पेन्सिल जवळ घेऊन वाचावे, ही विनंती.

घडलेला प्रसंग

वास्तुविशारदांनी दिलेल्या आराखड्यात दाराविषयी एवढेच लिहिले होते : गाळा ३०० सेंटिमीटर, कमानीची उंची ९० सेंटिमीटर, लंबवर्तुळाकार कमान. आमच्या गवंडीकाकांनी त्याप्रमाणे प्लायवूडचा फर्मा केला, सेंटरिंग उभारले, विटांची कमान बांधली आणि वर गिलावाही केला. कमानीत बसवायची लोखंडी जाळी शहरातील एका दुकानात सांगितली होती. त्यांना दूरध्वनीवरून गाळा आणि उंची कळविली. दुकानदारांनी संगणकावर आकृती काढली, बसविताना सूट राहावी म्हणून चौकट सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर लहान ठेवली आणि ठरल्या दिवशी जाळी आणली.

जाळी बसली नाही. माथ्याशी फट व्यवस्थित होती, तळाशीही होती. पण डाव्या आणि उजव्या खांद्यांवर चौकट भिंतीवर चढत होती. दुकानाच्या माणसाने संगणकावरील आकृतीचा छापील कागद दाखविला. त्यावर प्रत्येक माप दशांशापर्यंत लिहिलेले होते. गवंडीकाकांकडे दाखवायला कागद नव्हता. दोन खिळे आणि एक दोरी एवढेच त्यांचे साधन. बांधकाम समितीच्या बैठकीत आम्ही निष्कर्ष काढून मोकळे झालो की, कमान चुकली आहे. गवंड्याचा शेवटचा हप्ता तूर्त थांबवावा. त्या ठरावाखाली माझीही सही आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

गवंडीकाका बैठकीबाहेर ओट्यावर बसले होते. निर्णय ऐकून ते एवढेच म्हणाले, “सर, दोरी खोटं बोलत न्हाई. तुमी मोजून तर बगा.”

मोजण्यापूर्वीच आम्ही ठरविले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे करू नये हे मी वर्गात वीस-पंचवीस वर्षे सांगत आलो आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन गेलो.

लंबवर्तुळ म्हणजे काय?

वर्तुळाला एक केंद्र असते आणि परिघावरचा प्रत्येक बिंदू त्या केंद्रापासून सारख्या अंतरावर असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. त्यावरचा कोणताही बिंदू घ्या. त्याचे एका नाभीपासूनचे अंतर आणि दुसऱ्या नाभीपासूनचे अंतर यांची बेरीज नेहमी सारखीच येते. ही बेरीज लंबवर्तुळाच्या मोठ्या अक्षाएवढी असते.

ग्रीक गणिती अपोलोनिअस याने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास शंकूच्या छेदांवर ग्रंथ लिहिला, त्यात या वक्राचे गुणधर्म पद्धतशीर मांडले आहेत. पुढे सहाव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या वास्तूचा एक रचनाकार अँथेमिअस याने दोरीच्या साहाय्याने लंबवर्तुळ काढण्याची रीत वर्णिली आहे. आमच्या गवंडीकाकांनी या दोघांचीही नावे ऐकलेली नाहीत. रीत मात्र तीच.

कमानीसाठी लंबवर्तुळाचा वरचा अर्धा भाग घेतात. गाळा म्हणजे मोठा अक्ष. कमान जेथून सुरू होते त्या आडव्या रेषेपासून माथ्यापर्यंतची उंची म्हणजे लहान अक्षाचा अर्धा भाग. अर्ध्या गाळ्याला ‘अ’ आणि उंचीला ‘ब’ म्हणू. आपल्या दाराच्या बाबतीत अ = १५०, ब = ९० सेंटिमीटर.

नाभी मध्यापासून किती अंतरावर? त्या अंतराला ‘क’ म्हणू. माथ्याचा बिंदू दोन्ही नाभींपासून सारख्याच अंतरावर आहे आणि त्या दोन अंतरांची बेरीज ३०० आहे. म्हणजे प्रत्येक अंतर १५०. मग मध्यबिंदू, माथा आणि नाभी यांचा काटकोन त्रिकोण होतो, ज्याचा कर्ण १५० व एक बाजू ९० आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने,

क² = अ² − ब² = २२५०० − ८१०० = १४४००, म्हणून क = १२० सेंटिमीटर.

३, ४, ५ या ओळखीच्या त्रिकुटाची ही तीसपट आहे : ९०, १२०, १५०. गवंडीकाका हे गणित करीत नाहीत. ते अर्ध्या गाळ्याएवढी दोरी घेतात, तिचे एक टोक माथ्याच्या खुणेवर धरतात आणि दुसरे टोक आडव्या रेषेला जेथे टेकेल तेथे खिळा ठोकतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन खिळ्यांना ३०० सेंटिमीटर दोरीची टोके बांधतात आणि पेन्सिलीने दोरी ताणून फिरवितात. वर्गमूळ काढण्याचे काम त्यांच्यासाठी दोरी करते.

प्रत्येक ठिकाणची उंची

फर्मा कापणाऱ्याला किंवा कमान तपासणाऱ्याला मध्यापासून अमुक अंतरावर कमान किती उंच, हे कळले पाहिजे. मध्यापासूनचे आडवे अंतर ‘क्ष’ आणि त्या जागची उंची ‘य’ मानल्यास सूत्र असे :

य = (ब ÷ अ) × √(अ² − क्ष²)

आपल्या कमानीत ब ÷ अ म्हणजे ९० ÷ १५० = ०.६. आता हिशेब करू.

क्ष = ० : य = ९०
क्ष = ३० : य = ८८.२
क्ष = ६० : य = ८२.५
क्ष = ९० : √(२२५०० − ८१००) = १२०; १२० × ०.६ = ७२
क्ष = १२० : √(२२५०० − १४४००) = ९०; ९० × ०.६ = ५४
क्ष = १३५ : य = ३९.२
क्ष = १५० : य = ०

उत्तर बरोबर आहे का, हे नाभींच्या नियमाने पडताळता येते. मध्यापासून ९० वर, ७२ उंचीचा बिंदू घ्या. जवळच्या नाभीपासून तो आडवा ३० आणि उभा ७२ आहे; अंतर √(९०० + ५१८४) = ७८. दूरच्या नाभीपासून तो आडवा २१० आणि उभा ७२; अंतर √(४४१०० + ५१८४) = २२२. बेरीज ७८ + २२२ = ३००. पडताळा जुळला. १२० वरच्या बिंदूसाठी हाच हिशेब तुम्ही करून पाहा. ५४ आणि २४६ येतील.

गाळा आणि उंची तीच, कमानी तीन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ३०० गाळा आणि ९० उंची एवढे सांगितले म्हणजे कमान ठरली, असा आमचा समज होता. तो चुकीचा होता. दोन टोके आणि माथा या तीन बिंदूंतून कितीतरी वेगवेगळे वक्र जाऊ शकतात. बांधकामात त्यांपैकी तीन नेहमी भेटतात.

पहिला, वर्तुळाचा साधा कंस. त्याची त्रिज्या (अ² + ब²) ÷ २ब, म्हणजे ३०६०० ÷ १८० = १७० सेंटिमीटर. हा कंस भिंतीला टेकतो तेथे कोन पडतो. तो सरळ उभा उतरत नाही.

दुसरा, खरे लंबवर्तुळ. ते दोन्ही टोकांना उभ्या भिंतीत सलग मिसळते, आणि त्याची वक्रता प्रत्येक बिंदूला बदलत जाते. माथ्याशी वक्रतेची त्रिज्या अ² ÷ ब, म्हणजे २५० सेंटिमीटर. टोकाशी ब² ÷ अ, म्हणजे अवघी ५४ सेंटिमीटर.

तिसरा, तीन केंद्रांची कमान. यात मधला मोठा कंस आणि दोन बाजूंचे लहान कंस असे जोडतात की सांधा जाणवू नये. ती काढण्याची प्रचलित रीत अशी. टोक आणि माथा जोडणारी तिरपी रेषा काढा. आपल्या मापात ती १७४.९ येते. तीतून अ व ब यांमधील फरक, म्हणजे ६०, माथ्याच्या बाजूने वजा करा, उरले ११४.९. या उरलेल्या भागाचा लंबदुभाजक काढा. तो आडव्या अक्षाला जेथे छेदतो ते लहान कंसाचे केंद्र, आणि उभ्या मध्यरेषेला खाली जेथे छेदतो ते मोठ्या कंसाचे केंद्र. आपल्या मापात लहान त्रिज्या ६७.० आणि मोठी २२८.३ सेंटिमीटर येते.

डोळ्यांना दुसरी आणि तिसरी कमान सारखीच दिसते. मोजपट्टीला ती तशी दिसत नाही. मध्यापासून ९० सेंटिमीटरवर वर्तुळकंसाची उंची ६४.२, लंबवर्तुळाची ७२.० आणि तीन केंद्रांच्या कमानीची ७१.५. येथे शेवटच्या दोघींत अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक आहे. पण १३५ सेंटिमीटरवर, म्हणजे कमानीच्या खांद्याखाली, या उंची अनुक्रमे २३.३, ३९.२ आणि ४२.३ अशा येतात. लंबवर्तुळापेक्षा तीन केंद्रांची कमान येथे तीन सेंटिमीटरने फुगलेली आहे.

मी शिडी लावून आपल्या दाराच्या कमानीचे माप घेतले. ओळंबा सोडून मध्य नक्की केला, गुण्या लावून आडवी रेषा तपासली आणि १३५ सेंटिमीटरवर उंची मोजली. डावीकडे ३९ भरली, उजवीकडे ३९ आणि थोडी वर. ९० वर दोन्ही बाजूंना ७२. मग जाळीची चौकट मोजली. एक सेंटिमीटर सूट धरूनही १३५ वर तिची उंची साडेचाळीसच्या पुढे होती. हिशेबाने ती ४०.६ यायला हवी होती, आणि तशीच ती होती.

कमान बरोबर होती. आराखड्यात लंबवर्तुळ लिहिले होते आणि गवंडीकाकांनी लंबवर्तुळच बांधले होते. जाळी तीन केंद्रांची होती.

दुकानदारांचीही लबाडी नव्हती. लोखंडी पट्टी वाकविणारे त्यांचे यंत्र एका वेळी एकाच त्रिज्येचा बाक देते. म्हणून त्यांच्याकडे लंबवर्तुळ म्हटले की तीन कंसांची आकृती काढण्याचा प्रघातच पडला आहे. आम्ही त्यांना फक्त दोन आकडे सांगितले. वक्र कोणता, हे ना आम्ही सांगितले ना त्यांनी विचारले.

संगणकावर काढताना

हल्ली हे काम संगणकावर होते. तुमच्यापैकी काही जण आयटीआयला किंवा पदविका अभ्यासक्रमाला जातील, तेव्हा ऑटोकॅड शिकाल. फ्रीकॅडसारखी मोफत प्रणाली तर संगणक कक्षात आजही घालता येते. प्रणाली कोणतीही असो, पुढील पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. अर्धे की पूर्ण? फ्रीकॅडमध्ये लंबवर्तुळाच्या गुणधर्मांत मोठी आणि लहान त्रिज्या विचारली जाते. तेथे १५० आणि ९० द्यावे. सुरुवातीचा कोन ० आणि शेवटचा १८० अंश दिला की वरचा अर्धा भाग मिळतो. ऑटोकॅडच्या इलिप्स आज्ञेत नेहमीच्या रीतीने आधी एका अक्षाची दोन्ही टोके द्यावी लागतात, म्हणजे पूर्ण ३००. आणि त्यानंतर दुसऱ्या अक्षाचे मध्यापासूनचे अंतर, म्हणजे अर्धेच, ९०. एकाच आज्ञेत एक माप पूर्ण आणि एक अर्धे! येथे १८० टाकणारे विद्यार्थी वर्गागणिक सापडतील.

२. उंची कोठून मोजलेली? आपल्या दाराची उभी बाजू २१० सेंटिमीटर आणि त्यावर ९० ची कमान, एकूण ३००. दरवाजा-खिडकीची तयार आकृती देणाऱ्या प्रणालीत कधी एकूण उंची विचारतात, कधी केवळ कमानीची. आकडा भरण्यापूर्वी रकान्याचे नाव वाचावे. एककही तपासावे, वास्तूंचे आराखडे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा ३०० नव्हे, ३००० लिहावे लागते.

३. लंबवर्तुळ खरे की कंसांचे? ऑटोकॅडमध्ये पी-इलिप्स नावाची एक मांडणी आहे. तिचे मूल्य शून्य असेल तर खरे लंबवर्तुळ निघते. एक असेल तर लहान लहान कंस जोडून त्याच्याजवळ जाणारी रेषा निघते. स्केचअपमध्ये वर्तुळ हेच मुळात सरळ रेषाखंडांचे असते. ते एका दिशेने दाबून केलेले लंबवर्तुळही तसेच बहुभुज राहते. चित्र म्हणून यात काही बिघडत नाही. पण त्या आकृतीवरून लोखंड कापायचे असेल तर खंडांची संख्या पुरेशी वाढविली पाहिजे.

४. समांतर रेषेचा फसवा भाग. कमानीभोवती २० सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढायची आहे. अ आणि ब या दोहोंत २० मिळवून १७० आणि ११० चे दुसरे लंबवर्तुळ काढले, तर पट्टी सर्वत्र २० ची होईल का? माथ्याशी होईल, टोकाशी होईल; खांद्यावर मात्र ती सुमारे अर्ध्या सेंटिमीटरने अरुंद पडेल. कमान अधिक चपटी असेल तर ही घट वाढते; ९० ऐवजी ६० उंची असती तर ती दीड सेंटिमीटरच्या पुढे गेली असती. कारण लंबवर्तुळाला समांतर काढलेली रेषा ही लंबवर्तुळ नसते. म्हणून पट्टीसाठी प्रणालीतील ऑफसेट ही आज्ञा वापरावी. ऑटोकॅड अशा वेळी लंबवर्तुळ न देता स्प्लाइन नावाचा मुक्त वक्र देते, ते याचमुळे. वर्तुळाच्या कंसाला ही अडचण नाही. कंसाला समांतर रेषा हाही कंसच असतो.

५. विटांचे सांधे. वर्तुळाकार कमानीत प्रत्येक सांध्याची रेषा केंद्राकडे जाते. लंबवर्तुळात असे एक केंद्र नाही. सांधा त्या त्या बिंदूशी वक्राला लंब असावा लागतो. त्यासाठी सोपा नियम आहे. वक्रावरील बिंदूचे मध्यापासूनचे आडवे अंतर क² ÷ अ² ने गुणावे. आपल्या कमानीत हा गुणक ०.६४ आहे. ९० वरच्या बिंदूसाठी ५७.६ येते. आडव्या अक्षावर मध्यापासून ५७.६ वर खूण करून ती त्या बिंदूशी जोडली की सांध्याची दिशा मिळाली.

आणखी दोन हिशेब लागतात. कमानीच्या पोकळीचे क्षेत्रफळ पाय × अ × ब ÷ २, म्हणजे सुमारे २.१२ चौरस मीटर. भिंतीच्या मोजमापातून एवढे वजा करावे लागते. कमानीच्या वक्राची लांबी मात्र कोणत्याही सोप्या सूत्राने नेमकी मिळत नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेले अंदाजाचे सूत्र येथे फार उपयोगी पडते. पूर्ण लंबवर्तुळाचा परीघ,

पाय × [३(अ + ब) − √((३अ + ब)(अ + ३ब))]

आपली मापे घातल्यास ७६५.८ येतात, निम्मे ३८२.९. म्हणजे कमानीच्या कडेला लागणारी पट्टी ३ मीटर ८३ सेंटिमीटर. संगणकाने दिलेली लांबी याच्याशी ताडून पाहावी.

इतिहासातील दोन पूल

तीन केंद्रांची कमान ही काही दुकानातली पळवाट नाही. तिला मोठी परंपरा आहे. इटालियन वास्तुकार सेबास्तियानो सेर्लिओ याने १५४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील पुस्तकात कंसांनी अंडाकृती काढण्याच्या रीती दिल्या. दगडी कामात त्यांचा लाभ उघड आहे. खऱ्या लंबवर्तुळात माथ्यापासून टोकापर्यंत प्रत्येक दगडाचा आकार वेगळा. कंसांच्या कमानीत मात्र एका कंसातील सर्व दगड एकाच फर्म्याने घडविता येतात. फ्रेंच अभियंता पेरोने याने १७६८ ते १७७४ या काळात पॅरिसजवळ नॉयी येथे सीन नदीवर बांधलेल्या पुलाच्या कमानी अकरा केंद्रांच्या होत्या. केंद्रे जितकी अधिक, तितकी कमान लंबवर्तुळाच्या जवळ.

दुसरा पूल इंग्लंडमधील मेडनहेडचा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी इसम्बार्ड किंग्डम ब्रुनेल याने थेम्स नदीवर तो विटांनी बांधला. त्याच्या दोन मुख्य कमानींचा गाळा प्रत्येकी १२८ फूट आणि उंची फक्त २४ फूट ३ इंच. अर्धवर्तुळ घेतले असते तर उंची ६४ फूट झाली असती आणि रूळ तेवढे वर न्यावे लागले असते. खाली नौकांना वाट हवी, वर गाडीला चढ नको. या दोन्ही गरजा चपट्या अर्धलंबवर्तुळाने भागविल्या. आपले सूत्र लावून पाहा : अ = ६४, ब = २४.२५, माथ्याशी वक्रतेची त्रिज्या ६४² ÷ २४.२५, म्हणजे जवळपास १६९ फूट. माथा इतका सपाट असला की कमान बाजूंना अधिक जोराने रेटते. म्हणून अनेकांनी हा पूल पडणार असे भाकीत केले होते. १८३८ मध्ये एका कमानीचे सेंटरिंग चुना-सिमेंट पक्के होण्यापूर्वीच सैल केले गेले आणि तिच्या विटांचे खालचे थर किंचित सुटले. टीकाकारांना आयता पुरावा मिळाला. पण ठेकेदाराने घाईची चूक आपली असल्याचे मान्य केले, दुरुस्ती झाली आणि १८३९ मध्ये पूल वाहतुकीस खुला झाला. आजही त्यावरून रेल्वे धावते. दोष आकाराचा होता की घाईचा, हे तपासल्यावाचून ठरविणारे लोक तेव्हाही होते.

आपल्याकडील कार्ले, भाजे येथील चैत्यगृहांच्या दर्शनी कमानी तुम्ही सहलीत पाहिल्या आहेत. त्या लंबवर्तुळाकार नाहीत. घोड्याच्या नालेसारख्या आहेत, आणि त्या रचलेल्या नसून अखंड खडकात कोरलेल्या आहेत. त्यांना सेंटरिंग लागले नाही. आधीच्या लाकडी बांधकामाचा आकार शिल्पींनी दगडात उतरविला; कार्ल्याच्या छताला तर लाकडी फासळ्या आजही आहेत. कमान दिसली की ती रचलेली की कोरलेली आणि वक्र कोणता, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या.

प्रसंगाचा शेवट

मोजमापाचा कागद घेऊन मी समितीपुढे गेलो. तीन वक्रांची आकृती फळ्यावर काढली आणि आकडे मांडले. वाद झाला नाही; आकड्यांशी वाद घालता येत नाही. गवंडीकाकांचा हप्ता त्याच दिवशी दिला गेला. ठरावावर सही करणाऱ्यांपैकी एक म्हणून मी त्यांची क्षमा मागितली. ते संकोचले. “तुमी मोजलं, त्येवढं पुरं,” म्हणाले. जाळीच्या दुकानदारांना आम्ही दर पंधरा सेंटिमीटरवरच्या उंचींचा तक्ता आणि गवंडीकाकांचा प्लायवूडचा फर्मा पाठविला. त्यांनी चौकटीचे दोन्ही खांदे तापवून त्या फर्म्यावर बसविले. जाळी आज जागेवर आहे.

यातून आम्ही एक नियम केला. आराखड्यात गाळा आणि उंची यांबरोबर वक्राचे नाव लिहायचे : वर्तुळकंस, तीन केंद्रांची कमान की खरे लंबवर्तुळ. कंस असतील तर त्रिज्या लिहायच्या. लंबवर्तुळ असेल तर नाभींचे अंतर आणि निदान चार ठिकाणच्या उंची लिहायच्या. दोन माणसे वेगवेगळ्या साधनांनी काम करतात, तेव्हा त्यांना एकाच वक्रावर आणणारी हीच गोष्ट.

छापील कागद बघून आम्ही एका बाजूवर विश्वास ठेवला आणि दोरी बघून दुसरीवर संशय घेतला. साधन नवे आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि ज्याच्या हातात लेखणी नाही त्याचे काम त्यामुळे चुकीचे ठरत नाही. तुम्ही शिकून मोठ्या पदांवर जाल, तुमच्या सहीने कोणाची मजुरी निघेल किंवा थांबेल. त्या वेळी सही करण्यापूर्वी जागेवर जाऊन मोजा.

स्वाध्याय

१. गाळा २६० आणि उंची ५० सेंटिमीटर असलेल्या लंबवर्तुळाकार कमानीसाठी नाभी मध्यापासून किती अंतरावर येतील? मध्यापासून ५० व १२० सेंटिमीटरवर कमानीची उंची काढा. (उत्तर : १२०; ४६.२, १९.२)

२. त्याच गाळ्याच्या व उंचीच्या वर्तुळकंसाची त्रिज्या काढा. (उत्तर : १९४ सेंटिमीटर)

३. मैदानावर दोन खुंट्या आणि दोरी घेऊन गाळा २०० व उंची ६० सेंटिमीटरची कमान आखा. मध्यापासून ६० व ८० सेंटिमीटरवर उंची मोजा. ४८ आणि ३६ भरल्या तर आखणी बरोबर आहे.

४. तीच कमान संगणक कक्षात फ्रीकॅडवर काढा. मैदानावरील मापे आणि संगणकावरील मापे शेजारी लिहा. फरक आढळल्यास कोण चुकले हे आधी ठरवू नका. दोन्ही पुन्हा मोजा.